नवी गाडी की जुनी? इंदुरातल्या माल-वितरणाच्या गाड्यांबद्दल ड्रायव्हर काय सांगतात आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरात सियागंजातून किराणा आणि दवा बाजारातून औषधं दुकानोदुकानी पोचवायचा धंदा. हाताशी २०१५ ची एक डिझेल पिकअप आणि त्याच सुमाराचा एक डिझेल छोटा हाथी, म्हणजे टाटाचा एस. मालकाला दोन्ही काढून नव्या बीएस-६ (भारत स्टेज ६ हा धुराच्या प्रदूषणाचा निकष) डिझेल गाड्या घ्यायच्या आहेत. तीन ड्रायव्हरांपैकी दोघं म्हणतात, जुन्याच राहू द्या. तिसरा म्हणतो, नवी येणार नसेल तर मी दुसरीकडे बघतो. कुणाचं ऐकावं?

तिघांचंही ऐकावं, कारण ते एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत. पहिले दोघं इंजिनाबद्दल बोलतात, तिसरा केबिनबद्दल. चूक कुणाची असेल तर ती मालकाच्या यादीतल्या ‘डिझेल’ या शब्दाची आहे.

ड्रायव्हरला ‘नवी बरी की जुनी बरी’ असं विचारलं की ‘साहेब, जुनी दणकट होती’ हे ठरलेलं उत्तर येतं, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. विचारायचं असं: सकाळी सेल्फ किती वेळ मारावा लागतो? भरली गाडी गल्लीत वळवताना खांदा भरून येतो का? फाळका एकट्याने उघडतो का? गाडी शेवटची रस्त्यात कधी थांबली, आणि पुन्हा कशाने चालू झाली? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. जुन्या गाडीवरचं ड्रायव्हरचं प्रेम बहुतेक तिथूनच येतं.

बीएस-३ च्या बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत पंप मेकॅनिकल आहे. डिझेल संपून लाइनीत हवा भरली तर हातपंप मारायचा, ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) ढिला करायचा, फेस जाऊन सरळ धार आली की आवळायचा. दहा मिनिटांत गाडी चालू. बॅटरी बसली तर चार हमाल धक्का देतात. नोझल टपकत असेल तर पंपवाला काढून दाब तपासतो, शिम बदलतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत मिळते. लोहामंडीपासून देवास नाक्यापर्यंत हे काम येणारा मिस्त्री सापडतो. ड्रायव्हरच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की माल वेळेवर पोचेल की नाही हे बरंचसं त्याच्या हातात राहतं. नव्या कॉमन-रेल गाडीत सगळ्या सिलिंडरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं, आणि रेलमधला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे पाना लावून नळी ढिली करून बघायची जुनी सवय नुसती निरुपयोगी नाही, जिवावरची आहे. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. शिवाय टाकी कोरडी करून सेल्फ मारत राहिलं तर हाय-प्रेशर पंप आतून घासतो, कारण डिझेल हेच त्याचं वंगण असतं. म्हणून नव्या गाडीत पाव टाकीखाली जायचं नाही, आणि फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला काढायचं.

हे शिकता येतं. खरी अडचण डीपीएफची, म्हणजे धुराच्या वाटेतल्या जाळीची आहे, आणि तुमच्या फेरीला ती हमखास येणार.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली. ही जाळी भरत जाते. ती साफ व्हायची म्हणजे आतली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी जाळीत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. लांब रस्त्यावर एक्झॉस्ट आधीच तापलेला असतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) थोडं जास्तीचं डिझेल सोडते, दहा-वीस मिनिटांत काम होतं, ड्रायव्हरला कळतही नाही. आता तुमची फेरी बघा. सियागंज, राजवाडा, मारोठिया, मल्हारगंज आणि परत. दिवसभरात पंचवीस-तीस किलोमीटर, चाळीस थांबे, इंजिन बहुतेक वेळ आयडलवर किंवा दुसऱ्या गिअरात. एक्झॉस्ट तापतच नाही. ईसीयू साफसफाई सुरू करते, तेवढ्यात दुकान येतं, ड्रायव्हर किल्ली फिरवतो, काम अर्धवट राहतं. असं पाच-सहा वेळा झालं की आधी डीपीएफचा दिवा लागतो, मग तो लुकलुकतो, मग सोबत इंजिनाचा दिवा येतो आणि गाडीची ताकद निम्मी होते. ‘नवीन गाडीला पिकअपच नाही’ ही तक्रार ऐकलीत तर पहिली शंका इथेच घ्यावी.

अर्धवट राहिलेल्या प्रत्येक साफसफाईत जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतं. जुन्या गाडीवर वाढलेला ड्रायव्हर यावर खूश होतो, कारण त्याच्या जुन्या गाडीत ऑइल नेहमी कमीच व्हायचं. वास घ्या. डिझेलचा वास आला तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदला, नाहीतर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातील. बदलताना ऑइलही कमी राखेचंच हवं. डब्यावर सीके-४ किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड बघून घ्या. जुन्या छोट्या हाथीचं उरलेलं ऑइल नव्या गाडीत ओतलं तर त्याची राख जाळीत साचते, आणि राख जळत नसते.

नवी डिझेल घेतलीच असेल तर ड्रायव्हरला सांगायचं ते इतकंच. दिवा स्थिर लागला की त्याच दिवशी राऊ ते मांगलिया बायपास गाठायचा, एक गिअर खाली ठेवून इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास, वेग ५०-६०, वीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. थांबल्यावर आयडल नेहमीपेक्षा चढा असेल, पंखा जोरात फिरत असेल आणि गरम धातूचा वास येत असेल तर साफसफाई चालू आहे, किल्ली फिरवायची नाही. अशा वेळी गाडी बारदानाच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये. दिवा लुकलुकायला लागल्यावर बायपासचा उपाय चालत नाही. मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जबरदस्तीने साफ करावी लागते. ‘जाळी काढून टाकतो, प्रोग्राम मारून देतो’ म्हणणारे प्रत्येक ट्रान्सपोर्टनगरात भेटतात. तसं केलं की वॉरंटी जाते, पासिंगला अडकते आणि पुढे विकताना ग्राहक पाडून मागतो.

साडेतीन टनांच्या वरच्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत याच्या जोडीला डीईएफची (धुरात फवारायच्या द्रावणाची) टाकी येते, निळ्या झाकणाची. छोट्यांपैकी काहींत असते, काहींत नसते, म्हणून घेण्याआधी विचारा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी. खर्च साधारण डिझेलच्या तीन ते पाच टक्के, म्हणजे शंभर लिटर डिझेलला तीन ते पाच लिटर. शेताचा युरिया नळाच्या पाण्यात घोळवून ओतला तर इंजेक्टरच्या तोंडावर दगडासारखा खडा बसतो. डिझेलच्या नरसाळ्यातून डीईएफ भरलं तर तेवढ्या तेलकटपणानेही पंपाचे रबर फुगतात, म्हणून त्याचं नरसाळं वेगळं आणि झाकलेलं ठेवायचं. पत्र्याच्या गोदामात बॅरल साठवू नका. पस्तीस अंशांत सतत ठेवलेलं डीईएफ सहा महिने टिकलं तरी पुष्कळ झालं, आणि मे महिन्यात इंदुरात पत्र्याखाली किती तापतं ते सांगायला नको. झाकणाभोवती पांढरी साखर जमली तर घाबरू नका, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. आणि किल्ली बंद केल्याबरोबर बॅटरीचा कटऑफ ओढू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, पंप लाइनीतला डीईएफ परत टाकीत ओढून घेत असतो.

किराण्याच्या गोदामातल्या गाडीला आणखी एक शत्रू आहे, उंदीर. जुन्या गाडीत उंदराने वायर कुरतडली तर फार तर हॉर्न जायचा. नवीत कॅमशाफ्ट सेन्सरची वायर गेली की गाडी जागची हलत नाही. रात्री गाडी पोत्यांपासून दूर उभी करा आणि वायरिंगच्या नळ्यांवर जाळी चढवून घ्या. हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि ईसीयूचे प्लग काढायचे, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावायचा. बॉडी बनवणाऱ्या कारागिराला हे तोंडी सांगून उपयोग नाही, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

आता तिसरा ड्रायव्हर. त्याची तक्रार ऐषारामाची समजू नका. टाटाचा एस २००५ साली आला तेव्हा ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं, सोळा अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याच्यावरच बसायची सीट, अशी रचना होती. इंजिनाची उष्णता थेट मांडीला. पॉवर स्टिअरिंग नाही. भरल्या गाडीत जागच्या जागी चाक वळवायला अंगाचा जोर लागतो. दिवसाला चाळीस वेळा चढ-उतार, शेकडो वेळा क्लच. क्लचची केबल आतून सुकली असेल तर डाव्या गुडघ्याची वाट लागते, आणि मग ड्रायव्हर पाय पेडलवरच टेकवून ठेवतो, म्हणून रिलीज बेअरिंग वाजायला लागतं आणि प्लेट जळते. मालकाच्या वहीत हे ‘क्लचचा खर्च’ म्हणून येतं. त्याचं मूळ एका सुकलेल्या केबलमध्ये किंवा तुटक्या सीटमध्ये असतं. नव्या गाड्यांत स्टिअरिंग हलकं, क्लच हलका, सीट मागे-पुढे सरकते, गिअरचा दांडा जवळ आलेला. साडेतीन टनांच्या वरच्या नव्या ट्रकांना तर २०२५ पासून वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, पण तुमच्या आकाराच्या गाड्या त्यात येत नाहीत. तुम्हाला ती सोय हवी असेल तर तसं मॉडेल बघून घ्यावं लागेल.

जुनी गाडी ठेवायची असेल तर या ड्रायव्हरला काही हजारांत बरंच देता येतं: नवी क्लच केबल, सीटचा फोम, इंजिन कव्हरखाली उष्णतारोधक थर, दोन मोठे आरसे, फाळक्याला नवे बिजागर. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस मारलं की स्टिअरिंग निम्मं हलकं वाटतं. हे सगळं करूनही तो जायचं म्हणत असेल तर मग त्याला पगार हवा आहे, गाडी नव्हे.

पण एका बाबतीत जुनीची बाजू घेणाऱ्या दोघांचं मी ऐकणार नाही, आणि ती बाब म्हणजे ब्रेक. ‘दणकट’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा ‘कागदावर पाऊण टन, हौद्यात दीड टन’ असा असतो. तेवढा माल इंजिन ओढतं, पाटे पेलतात. थांबवायचा मात्र ड्रममध्ये बसलेल्या त्याच लायनरनी. जास्तीचा भार पेलावा म्हणून मागे एक पाटा वाढवतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती खाली बसली यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब सोडतो. पाटा वाढवला की चेसिस वर उचलली जाते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतच मागचा ब्रेक कमी लागतो. पाटा टाकणाऱ्याने दांडी पुन्हा जुळवली का, हे कुणी विचारत नाही.

बूस्टर म्हणजे व्हॅक्युमने ब्रेकच्या पेडलला जोर देणारा डबा. त्याची परीक्षा मिनिटभराची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्युम गळतोय. जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि त्याला ऑइलची रबरी नळी जाते. ती चिरली की ब्रेक कडक आणि ऑइल कमी, अशी दोन दुखणी एकदम दिसतात. तुमचा माल खंडव्याच्या बाजूला जात असेल तर सिमरोल ओलांडल्यावर भेरूघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करायची सवय आजच मोडा. इंजिन बंद म्हणजे बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच, आणि पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत चाकही जड. ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरायचं.

हिशेबाकडे वळू. गाडी महिन्याला साडेसातशे किलोमीटर चालते आणि जुनी लिटरला १२, नवी १५ देते असं धरा. डिझेल ९२ रुपये धरलं तर जुनीला ६२.५ लिटर, नवीला ५०; वाचले १,१५० रुपये. एवढ्यात नव्या गाडीचा हप्ता निघत नाही, विक्रेता काहीही सांगो. नवी गाडी परवडते ती थांबण्याच्या दिवसांवर. जुनी गाडी महिन्यात किती दिवस उभी राहिली, त्या दिवशी भाड्याच्या गाडीला काय दिलं, किती माल परत आला, हे तीन महिने वहीत लिहा. दिवस दोनच्या आत असतील तर जुनी राखा. चारच्या वर गेले तर भावनेत अडकू नका. आणखी एक: आठ वर्षं उलटली की पासिंग दरवर्षी करावं लागतं. तुमच्या दोन्ही गाड्या त्यात आल्याच आहेत, तेव्हा पासिंगचे दिवस आणि खर्च याच वहीत घाला.

मग घ्यायचं काय? शहरातल्या फेरीसाठी डिझेल सोडा. पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. त्यांत ही जाळी नाही, डीईएफ नाही, छोट्या फेरीने काही तुंबत नाही. टाटाचा एस गोल्ड पेट्रोल ६९४ सीसीचा आहे, मारुतीची सुपर कॅरी १.२ लिटरची असून सीएनजीतही मिळते. औषधांसारख्या हलक्या आणि जागा खाणाऱ्या मालाला दोन्ही पुरतात. सीएनजी घेतलीत तर तीन गोष्टी आधीच समजून घ्या. चढावर ताकद कमी वाटणार. संध्याकाळच्या गर्दीत पंपाचा दाब उतरलेला असतो, त्या वेळी सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून भरायचं ते पहाटे. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत. काही सीएनजी मॉडेलांत पेट्रोलची टाकी पाचच लिटरची असते, पण ती रिकामी ठेवू नका, अडीनडीला तीच कामाला येते. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर डिझेलवाल्या ड्रायव्हरच्या सवयीपेक्षा लवकर बदला.

विजेवरचा विचार करायला तुमची फेरी आदर्श आहे: अंतर ठरलेलं, रात्री गाडी गोदामातच. टाटाच्या एस ईव्हीच्या पहिल्या मॉडेलला २१.३ युनिटांची बॅटरी आणि कागदावर १५४ किलोमीटर होते. भरल्या गाडीला मी शंभरच धरेन, आणि तीस किलोमीटरच्या फेरीला तेही भरपूर. मात्र भार बघून घ्या. औषधांना ठीक, साखर-तेलाला नाही. गोदामाचं वीज कनेक्शन किती किलोवॉटचं आहे ते गाडी बुक करण्याआधी तपासा, नंतर नव्हे.

देवास, उज्जैन, पीथमपूर अशा रोजच्या फेऱ्या असतील तर तिथे बीएस-६ डिझेल खुशाल घ्या. तो रस्ता जाळी आपोआप साफ ठेवतो आणि ड्रायव्हरही बदललेल्या गाडीला चार महिन्यांत नावं ठेवणं बंद करतो. गाडीचं एकूण वजन मालासकट ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, एवढं मॉडेल निवडताना लक्षात ठेवा.

जुनीच पण जरा बरी हवी, असा मधला मार्ग असेल तर २०१७ ते मार्च २०२० मधली बीएस-४ शोधा. बहुतेक कॉमन-रेल, पण छोट्या गाड्यांत जाळीची कटकट नाही. इंजिन थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून ठेवा. वाफ हलकी आली तर ठीक, भसाभस धूर फेकत असेल तर रिंगा गेल्या. निळा धूर ऑइलचा, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर नोझल किंवा हेड गॅस्केट, काळा असेल तर आधी एअर फिल्टर आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरात क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपली. पुढचं चाक जॅकवर घेऊन वरून-खालून हलवा, ठोका आला तर किंगपिन किंवा बेअरिंग. मग गाडीखाली झोपा आणि मागच्या पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे बसतात तिथे वायर ब्रशने माती काढून बघा. ओव्हरलोड गाडीची चीर तिथेच पडते आणि तिच्यावर ताजा काळा रंग मारलेला असतो. कर्ज, पासिंग आणि चलान परिवहनच्या साइटवर गाडी क्रमांकाने बघता येतात.

नवी ठरलीच तर ट्रायल शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका. दोन दिवसांसाठी डेमो गाडी मागा, तुमचाच माल भरा, आणि तिन्ही ड्रायव्हरांना तुमच्याच फेरीवर चालवू द्या, विशेषतः विरोध करणाऱ्या दोघांना. हौद्याची उंची हमालाच्या कमरेशी जुळते का, राजवाड्याच्या गल्लीत एका दमात वळते का, हे त्यांनाच कळेल. गाडी आल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर, माल भरलेला असताना, पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. पहिल्या सर्व्हिसला गाडी रिकामी जाते आणि तिथे हे काम नुसतं कागदावर टिक होतं.